कुंभारणीची गुणगुण

विश्राम मास्तरांच्या डोंबिवलीच्या घरात माणसं तीन आणि किडे अगणित. मास्तरांना माणसांपेक्षा किड्यांचीच नावं चटकन आठवत. शाळेत शास्त्र शिकवून ते घरी आले की इथेही शिकवणी चालूच, आणि शिकायला होती शालू. ती त्यांच्या कल्याणच्या थोरल्या भावाची लेक. आई गेली तेव्हा ती रांगत होती. तेव्हापासून मास्तरांच्या बायकोनं, सुमतीनं तिला वाढवलं. सुमतीची स्वतःची कूस उजवली नव्हती.

तांदळातले टोके, जुन्या कपड्यांतली कसर, विहिरीवरचे चतुर, सगळं शालूला ओळखता येई. एक शब्द मात्र तिच्या तोंडी यायचा नाही. सुमतीला ती काकूच म्हणायची. मास्तरांनीच तसं शिकवलं होतं. खरं ते खरं, हा त्यांचा हेका. सुमतीचा जीव त्या एका ‘आई’साठी तहानलेला असायचा, पण मागून घेतलेल्या शब्दाला काय चव?

चैत्रात शिवणाच्या मशीनजवळ, खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारणीनं घर बांधायला घेतलं. बारीक कमरेची ती माशी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणी आणि गुं गुं करत थापून बसवी. सुमतीनं झाडू उचलला, तसा भाजी घेऊन आलेल्या कमळाबाईनं तिचा हात धरला.

“मोडू नको बाय. तिला पोर नसतं. परकी अली आनते, आत कोंडते नि भायेरशी गुणगुणत बसते. आयकून आयकून अली तिच्यावानीच व्हते.”

कमळाबाई भाजी देऊन गेली तरी सुमती झाडू धरून तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी कुंभारणीनं खरंच एक हिरवी अळी आणून आत ढकलली आणि दार लिंपून टाकलं. सुमतीनं शालूला मांडीवर घेऊन ते दाखवलं, कमळाबाईची गोष्टही सांगितली. शिवताना गुणगुणायची सुमतीची जुनीच सवय. गाणं कुठलंच नाही, नुसता घशातला सूर, दोरा तुटला की थांबणारा. आता ती शालूला मुद्दाम जवळ बसवून गुणगुणू लागली. शहाण्या बाईनं असं करावं का? पण आशेला कुठे अक्कल असते.

मास्तरांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांच्यातला शास्त्रवाला जागा झाला. त्यांनी शालूला समजावलं की अळीची काही कुंभारीण होत नाही. आत कुंभारणीनं स्वतःचं अंडं घातलेलं असतं, आणि अळी म्हणजे तिच्या पिल्लाची शिदोरी. शालूचा चेहरा पडला. सुमतीचा तर त्याहून पडला.

“सगळं खरं लगेच सांगायलाच हवं होतं का?” तिनं नंतर विचारलं.

मास्तर म्हणाले, उद्या मोठी झाली की तीच आपल्याला खोटं म्हणेल. त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

त्याच आठवड्यात शालूचे वडील आले. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, घरात तान्हं बाळ होतं, संसार आता मार्गी लागला होता. तुम्ही सांभाळलंत, उपकार आहेत, पण लेक बापाच्या घरी शोभते, असं ते म्हणाले. सुमतीच्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. पण काकूनं कुठल्या हक्कानं म्हणायचं?

निघताना शालू खिडकीपासून हलेना. आतून काय निघतं ते तिला बघायचं होतं. “मी बघते आणि येऊन सांगते,” सुमती म्हणाली, तेव्हा कुठे तिनं बापाचा हात धरला.

त्यानंतर मशीन बंदच राहिलं. शिवायचं कुणासाठी? मग एका दुपारी मातीच्या घराला भोक दिसलं, आणि चौकटीवर नवीकोरी कुंभारीण पंख सुकवत बसलेली. दुसऱ्याच दिवशी सुमती बेसनाचे लाडू घेऊन कल्याणला गेली.

शालूची नवी आई सगुणा साधी होती, प्रेमळ होती. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि सुमतीला त्याचाही राग आला. तेवढ्यात आतून शालूचा आवाज आला, “आई, बाळ उठलं गं.”

इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द इतक्या सहज आला, आणि दुसऱ्याच दारी. सुमतीनं लाडवांचा डबा उगाच घट्ट धरला.

मग आतून गुणगुण ऐकू आली. गाणं कुठलंच नाही, नुसता घशातला सूर. मध्येच थांबायचा, दोरा ओवायला लागावा इतका वेळ, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

“दिवसभर हेच चालतं हिचं,” सगुणा हसून म्हणाली. “कुठून शिकली कोण जाणे. पण बाळ त्याशिवाय झोपत नाही.”

शालू बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. काकूला पाहताच पहिला प्रश्न तोच. “काकू, काय निघालं?”

“कुंभारीण निघाली गं,” सुमती म्हणाली. “अगदी तिच्यासारखीच.”

शालूनं मान डोलावली, बाळाला खांद्यावर घेतलं आणि पुन्हा गुणगुणायला लागली.