शालूबाईच्या गाण्याला आलेली नोटीस

रजिस्टर पोस्टानं आलेलं पाकीट अनुजानं लेकीला पाजता पाजताच फोडलं. मुंबईच्या एका वकील कंपनीची नोटीस होती. दोन महिन्यांपूर्वी तिनं आजेसासूचं, शालूबाईचं, गाणं मोबाइलवर घेतलं होतं आणि पुण्याच्या नणंदेला ऐकता यावं म्हणून इंटरनेटवर टाकलं होतं. ते गाणं चोरीचं आहे, असं नोटीस म्हणत होती. ते २००४ साली मुंबईतल्या एका कवीनं लिहिलं, हक्क एका कॅसेट कंपनीचे. सोबतच्या माफीनाम्यावर पंधरा दिवसांत सही करून पाठवा, नाहीतर फौजदारी, तीन वर्षं कैद.

माफीनामा एका ओळीचा होता. ‘सदर गीत माझ्या कुटुंबातील नसून मी ते चोरले आहे.’

तिचा नवरा राजवीर कागलच्या एमआयडीसीतून ड्युटी करून आला आणि त्यानं कागद वाचला. पोलीस कंपनीच्या गेटवर आले तर नोकरी जाईल, म्हणाला. सही कर आणि मिटव. अनुजानं कागद त्याच्या हातातून काढून घेतला. जिनं कसबा बावड्याच्या उसात वाकून, पाठीला पोर बांधून, तण काढत, भांगलता भांगलता ही गाणी रचली, तिला जितेपणी खोटी ठरवायची? आणि तेही घरातल्या सुनेच्या सहीनं?

दुसऱ्या दिवशी तिनं शालूबाईला सगळं सांगितलं. म्हातारी पणतीच्या टाळूवर तेल जिरवत होती. तिला आठवलं, वीस-पंचवीस वर्षांमागं एकदा टेपरेकॉर्डर घेऊन दोन शहरी माणसं आली होती. दुपारभर गाणी भरून घेतली, भाकरी-आमटी खाऊन गेली. पुन्हा फिरकली नाहीत.

“त्या कागदात गाणं लिव्हलंय न्हवं? वाच बघू.”

अनुजानं वाचलं:

उसाच्या पाल्यानं गं केली बोटाला चिरी,
सयाजी बंधू माझा पटका फाडून पट्टी करी.

शालूबाईचा हात थांबला. “सयाजीचं नाव तसंच ठेवलंय व्हय त्यांनी?”

“तसंच हाय, आज्जी.”

“मग त्या कवीला सख्खा भाऊ न्हाय काय कुणी?”

ती हसली आणि पुन्हा तेल जिरवू लागली. भांगलणीच्या गाण्यात प्रत्येक बाई आपल्याच भावाचं नाव घालते. शेजारची धोंडुबाई हेच गाणं म्हणते, पण तिच्या तोंडी बाळासो येतो. गाणं कुणाकडूनही घ्यावं, नाव मात्र आधी बदलावं, ही रीत बांधावरच्या पोरीलाही ठाऊक. गाणं उचलणाऱ्यांना तेवढंही ठाऊक नव्हतं.

कोल्हापुरातल्या श्रुती वकिलांनी नोटीस बघितली आणि कपाटातून तशाच आणखी चार काढल्या. मजकूर तोच, फक्त नावं निराळी. अनुजानं सही न करताच मुदत उलटू दिली. महिनाभर शोधल्यावर जिल्ह्यात अशी बत्तीस घरं निघाली. सव्वीस जणांनी भीतीपोटी सही करून टाकली होती. जोतिबावरच्या एका नारळ-गुलालवाल्यानं तर स्वतःच्या आईच्या गाण्यावर सही दिली होती, आणि तेव्हापासून तो आईच्या नजरेला नजर देत नव्हता. हे ऐकलं त्या दिवशी अनुजा पुन्हा श्रुती वकिलांकडं गेली. तिनं वकील कंपनीविरुद्ध वकिलांना सनद देणाऱ्या बार कौन्सिलकडं तक्रार केली.

सुनावणी मुंबईला होती. कडेवर लेक, बरोबर राजवीर, शालूबाई आणि तिचे भाऊ, पटका बांधलेले ऐंशी वर्षांचे सयाजी आजोबा. बार कौन्सिलच्या समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, गाण्यातला हा सयाजी कोण? वकील कंपनीच्या मोठ्या वकिलानं शेजारच्या ज्युनिअरकडं बघितलं आणि सांगितलं, कवीची कल्पना.

“कल्पना?” आजोबा मागनं म्हणाले. “मग एसटीत म्हाताऱ्याचं फुकटचं तिकीट कुणी काढलं?”

हसू ओसरल्यावर अध्यक्षांनी ज्युनिअरला विचारलं, नोटीस पाठवण्याआधी गाणं कुणाचं हे तपासलं होतं का? नाही, तो म्हणाला. कुणीच तपासलं नव्हतं. कॉम्प्युटरवर शब्द जुळले की नोटीस निघायची.

बाहेर व्हरांड्यात मोठा वकील अनुजाजवळ आला. आवाज एकदम मऊ. “ताई, तुमची नोटीस आत्ता मागं घेतो, लेखी माफी देतो. तुम्ही तक्रार मागं घ्या. बाकीच्यांचं तुम्हाला काय करायचंय?”

राजवीर तिच्याकडं बघत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

“जोतिबाला एक दुकानदार हाय,” ती म्हणाली. “त्याच्या आईसमोर मांडी घालून बसा. तुझ्या लेकाकडनं आम्ही खोटं लिहून घेतलं, असं तिला सांगा. मग पुढचं घर दावते. सव्वीस हायत.”

“असं कसं जमेल, ताई?”

“सह्या घेताना जमलं की.”

राजवीरनं पुढं होऊन लेकीला आपल्याकडं घेतलं. “तू आत जा,” तो म्हणाला, “मी हिला बघतो.”

चार महिन्यांनी श्रुतीचा फोन आला. मोठ्या वकिलाची वकिलीची सनद दोन वर्षांसाठी गेली होती. घेतलेले माफीनामे रद्द झाल्याची पत्रं घरोघर पाठवायचा हुकूमही झाला होता. श्रुतीचा आवाज फुलून आला होता. अनुजानं विचारलं, पत्रं किती गेली?

सतरा.

“मग उरलेल्या नऊंचं सांगा, मॅडम,” अनुजा म्हणाली. “मी फोन धरून बसते.”