वाऱ्याचा वास

उंचवट्यावर उभं राहून म्हाताऱ्याने डोळे मिटले, नाक वर केलं आणि वारा ओढून घेतला. मग म्हणाला, "न्या कळप पलीकडे. आभाळ कोरडं आहे."

एवढं झालं की कुणी पुढे काही विचारत नसे. मेंढपाळांच्या त्या वस्तीत सगळे त्याला आभाळ्या म्हणत. पाऊस कुठे पडतोय, गारा येतील का, गवत कोणत्या उतारावर टिकेल, हे तो वाऱ्याच्या वासावरून सांगायचा, आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मोबाइलवरही हवामान दिसायचं, पण त्यात रोज तोच अर्धा ढग आणि अर्धा सूर्य. "दोन्हीकडून ढोलकी वाजवतो हा," असं म्हणून लोक तो खिशात ठेवून द्यायचे.

त्याची धाकटी सून चहाचा पेला घेऊन शेजारीच उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी ती अशी उभी राहायची. त्या दिवशी तिला हसू आवरत नव्हतं, कारण म्होरक्या मेंढ्याने थोरल्या दिराच्या टोपीचा चावून चोथा केला होता आणि थोरले भावजी त्याला माणसाला झापावं तसं झापत होते. तिच्या नवऱ्याने तर मेंढ्याची बाजू घेतली होती. हसत-खिदळतच दोघे भाऊ कळप घेऊन नदीकडे उतरले. नदी कसली, उन्हाळाभर नुसतं गोट्यांचं रुंद पात्र. ते ओलांडलं की पलीकडे अजून गवत होतं.

ते गेल्यावर धाकटीने कापडी पालात दूध तापत ठेवलं, सासऱ्यांना चुलीशी बसवलं आणि ती मेंढ्यांच्या वाड्यात कोकरांना बघायला गेली.

नुकत्या व्यालेल्या मेंढ्या मागे ठेवल्या होत्या. एव्हाना त्या बसून रवंथ करत असायच्या. पण सगळ्या उभ्या होत्या, डोंगराकडे पाठ करून, एकमेकींना चिकटून. कुत्रा खाटेखाली शिरला होता. तिने मिठाचं पोतं उचललं तर त्याचा तळ ओला लागला. पालाच्या दोऱ्या तिनेच काल सैल केल्या होत्या, त्या आता ओलीने ताणून बोटाने दाबल्या तर वाजत होत्या. यातल्या एकेका गोष्टीकडे कुणी लक्ष दिलं नसतं. सगळ्या एकदम पाहिल्या आणि तिला पावसाची शंका आली. पण मामंजींनी तर कोरडं सांगितलं होतं. ते चुकतात कुठे?

तेवढ्यात तिला जळका वास आला. पालात धूर झाला होता. दूध उतू जाऊन चुलीत पडलं होतं, उरलेलं भांड्याला करपून लागलं होतं, आणि म्हातारा हातभर अंतरावर पाठमोरा बसून शांतपणे दोर वळत होता.

तिने भांडं उतरवलं नाही. तिथेच उभी राहिली.

"मामंजी, दूध जळलं."

त्यांनी दचकून मागे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेतच तिला सगळं कळलं, तरी तिने विचारलं, वास येत नाही का? हिवाळ्यात आलेल्या तापापासून, ते म्हणाले. नाक गेलं ते गेलंच. चहाचा नाही, मेंढीचा नाही, वाऱ्याचा तर नाहीच नाही. सांगणार कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मग रोज सकाळी सांगता ते?"

म्हाताऱ्याने हातातला दोर बाजूला ठेवला. "तुझ्या तोंडाकडे बघतो," तो हळूच म्हणाला. "तुला कळतं, पोरी. तुझं तुलाच ठाऊक नाही. तुझ्या कपाळाला आठी पडली की मी पाऊस सांगतो. आज तू हसत होतीस."

आपण टोपीला हसत होतो, हे सांगायलाही धाकटी थांबली नाही. चुलीवरचं भांडं तसंच टाकून ती उताराने धावत सुटली.

धावताना डोक्यावर लख्ख ऊन होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. ढग असते तर भावांनी पाहिले असते. पाऊस डोंगरामागे पडत असणार, त्या नदीच्या उगमाशी, आणि इथे पोहोचेल तो पाऊस म्हणून नव्हे, पूर म्हणून. ती धापा टाकत काठावर आली तेव्हा कळप पात्राच्या मधोमध होता. मधल्या गोट्यांच्या टेकाडापाशी मेंढ्या अडल्या होत्या, पुढे पाय टाकत नव्हत्या, आणि दोघे भाऊ त्यांना हाकत होते.

ती ओरडत पात्रात शिरली. नवरा थांबला, पण थोरले भावजी वैतागले. बाबांनी स्वतः सांगितलंय, त्यावर तुझं काय, असं त्यांचं म्हणणं. मामंजींनीच परत बोलावलंय, असं खोटं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भावजींनी उलटून शंका काढल्या असत्या, आणि तेवढा वेळ आहे असं तिला वाटत नव्हतं.

"त्यांना वास येत नाही," ती म्हणाली. "तापापासून. जळलेल्या दुधाचाही आला नाही."

थोरल्यांचा चेहरा उतरला. मग ताठ झाला. "माझ्या बापाबद्दल बोलतेस," एवढंच म्हणून त्यांनी कळपातला आपला अर्धा वाटा पुढे काढला. नवऱ्याने मात्र बायकोच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आपल्या मेंढ्या वळवल्या. काठाकडे तोंड होताच त्या पळतच सुटल्या.

नवरा-बायको काठावर चढत होते तेव्हा पायाखालचे गोटे थरथरायला लागले. मग आवाज आला, लांबून गाड्या धडधडत याव्यात तसा. वळणावरून पाणी आलं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. काळपट चिखल, झाडांची खोडं आणि पुढे फेसाची भिंत. थोरले उलटे पळाले आणि कसेबसे मधल्या टेकाडावर चढले. पाच-सहा मेंढ्या त्यांच्यासोबत चढल्या. बाकीच्या क्षणभर दिसल्या, मग दिसल्या नाहीत.

त्यानंतर काठावरच्यांना करण्यासारखं काहीच उरलं नाही. दोर पोहोचत नव्हता, हाक पोहोचत नव्हती. पाणी टेकाडाच्या कडा खात होतं आणि थोरले एका मेंढीच्या मानेला मिठी मारून वर वर सरकत होते. नवऱ्याने दोनदा पाण्यात पाय घातला आणि दोन्ही वेळा धाकटीने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. मागून काठी टेकत म्हातारा आला. तो पाण्याच्या अगदी कडेला उभा राहिला. टेकाड आता एका खाटेएवढं उरलं होतं. धाकटी तिकडे बघत नव्हती. ती काठावरच्या एका ओल्या दगडाकडे बघत होती, आणि त्यावरची ओल वर चढते की खाली उतरते, एवढंच तिच्या जगात उरलं होतं.

ऊन कलताना ओल खाली उतरली.

थोरले चिखलातून चालत काठाला आले. वस्तीतली माणसं जमली होती. म्हाताऱ्याने त्या सगळ्यांसमोर स्वतःच सांगून टाकलं: नाक गेलंय, आणि इतके दिवस मी सुनेच्या तोंडावरून बोलत होतो. कुणी त्याला दोष दिला नाही. तसं काही बोलले असते तर बरं, असं धाकटीला वाटलं, कारण सगळ्यांच्या माना हळूहळू तिच्याकडे वळल्या.

थोरल्यांनीच विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "नदीच्या अलीकडचं गवत संपलंय. कधी ओलांडायचं, तू सांग."

तिने डोंगराकडे पाहिलं. तिला काहीच कळेना. "माहीत नाही," ती म्हणाली. आभाळ्याच्या तोंडून हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. कोकरं उपाशी ओरडत राहिली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी कुणी हललं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी वाड्यातल्या मेंढ्या बसलेल्या दिसल्या, कुत्रा खाटेखालून निघाला, मीठही कोरडं होतं. धाकटीने सगळं पुन्हा पाहिलं आणि मग नवऱ्याला सांगितलं, चला. पण कळपाच्या पुढे मी चालणार. तो नको म्हणत होता. म्हातारा म्हणाला, "चालू दे तिला. मी कधी पुढे चाललो नाही."

ती पात्रात उतरली. मागे शेकडो खूर वाजत होते आणि त्या आवाजात दुसरा कुठला आवाज ऐकू येईना, म्हणून ती दर थोड्या अंतरावर थांबायची, हात वर करायची, आणि सगळा कळप थांबून राहायचा. मधल्या टेकाडापाशी एक फुगलेली मेंढी पडली होती. तिने तिला वळसा घातला. पलीकडचा काठ हाताला लागला. वर चढून तिने मागे वळून पाहिलं. शेवटची मेंढी अजून पात्रातच होती.