सातव्या दिवशीची नथ

विसरून जा, असं मला सगळे सांगतात. कसं विसरू? डाव्या नाकपुडीवर वाटाण्याएवढी गाठ हाय, रोज आरशात दिसती.

चार वर्षांमागं मी तुळजापुरात शामलाबाईंची सून झाले. लग्नाला आठ दिवस असताना त्यांनी माझं नाक टोचून घ्यायला लावलं आणि सातव्या दिवशी ओल्या जखमेत मोत्याची जड नथ घातली. न टोचता बसवायची दाबाची नथ आमच्या घरात चालत नाही, म्हणाल्या. वरून हळद भरली. नाक पिकलं, ताप चढला, लग्नानंतरचे अकरा दिवस म्या सोलापूरच्या दवाखान्यात काढले. परत आले तर बाई दारातच म्हणाल्या, "असल्या नाकाची सून देवीपुढं कशी उभी करू?" नवरा कैवल्य शेजारी मुकाट उभा. मुडदा बशिवला त्याचा! महिन्यात मला माहेरी धाडलं, पुढं काडीमोडही घेतला.

मग म्या टोचायचं काम रीतसर शिकून नळदुर्गला पार्लर टाकलं. माझा एक नियम हाय. टोचल्यावर निगा जी बाई राखणार, तिनं ती आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणून दाखवायची. त्याशिवाय मी सुई हातात घेत न्हाय.

परवा मंगळवारी दार उघडलं आणि शामलाबाई आत आल्या. सोबत येडशीची मैथिली आणि तिची आई. कैवल्यचं दुसरं लग्न बारा दिवसांवर आलं व्हतं, आणि पार्लर मैथिलीनंच मोबाइलवर शोधलेलं. माझ्या तोंडावर मास्क व्हता, तरी बाईंनी मला बरोबर ओळखलं. चेहरा खर्रकन उतरला. पण माघारी फिरावं तर कारण सांगावं लागलं असतं. पहिली सून वेडसर होती, पळून गेली, असं त्या सगळीकडं सांगत फिरत हुत्या. लाजंनं मी गप बसंन, असं त्यांना वाटलं असणार. लई चुकलं त्यांचं.

"निगा कोण राखणार?" म्या विचारलं.

"लग्नानंतर ती ह्यांच्याकडंच असणार," मैथिलीची आई म्हणाली.

अगं बाई! म्हंजी म्हणून दाखवायचं ते शामलाबाईंनीच.

"मग बाई, म्हणा. धुवायचं कशानं?"

"मिठाच्या कोमट पाण्यानं. दिवसातून दोनदा." भिंतीवरच्या कागदावरनं त्या वाचत हुत्या.

"हळद, तेल?"

"लावायचं नाही."

"चमकी कधी काढायची?"

"सहा महिने नाही."

"आणि नथ?"

बाईंनी कागदावरची नजर काढली. मैथिलीच बोलली, "पण काकू, तुम्ही तर म्हणालात हळदीच्या दिवशी घालू."

"एका दिवसानं काय होतंय?" बाई पुटपुटल्या.

"काय होतं ते तुम्हीच सांगा की. तुमच्याएवढं कुणाला ठाऊक हाय?"

नंबर लावून बसलेल्या चार बायका आता कान देऊन ऐकत हुत्या. म्या मास्क काढला आणि मैथिलीच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"हे असं होतं. मी हर्षाली. पळून गेलेली सून म्हणत्यात ती मीच."

मैथिलीनं बाईंकडं पाहिलं. "काकू, खरं हाय का हे?"

"जुनं कशाला उकरायचं?" बाई एवढंच म्हणाल्या.

मैथिली खुर्चीतून उठली. "आई, चल घरी. मला हे लग्न करायचं न्हाय." आईनं पर्स उचलली आणि दोघी बाहेर पडल्या.

"माझ्या पोराचं घर मोडलंस तू!" बाई माझ्यावर ओरडल्या.

"व्हय, मोडलं. चार वर्षं ह्याच दिवसाची वाट बघत हुते. आता निघा."

काचेतनं मला मैथिली दिसली. रस्त्याच्या कडंला उभी राहून ती हमसून हमसून रडत व्हती. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. माझ्या लग्नाआधी मला कुणी असं रडवलं असतं, तर आज माझं नाक शाबूत असतं.