ढिगावरचा नमुना

पाइनच्या लाकडाच्या चिप्स जहाजात भरताना वरच्या सरकत्या पट्ट्यावरून दर अर्ध्या तासाला एक पिशवी नमुना काढायचा, हे माझं काम. पट्ट्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. मी खालच्या ढिगाच्या कडेवरूनच सगळ्या पिशव्या एकदम भरल्या. पिशव्यांवर वेळा मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लिहिल्या.

ढिगाच्या वरवरच्या चिप्स उन्हावाऱ्याने वाळतात, आतल्या ओल्याच राहतात. गिऱ्हाईक विकत घेतं ते कोरडं लाकूड, पाणी नव्हे. हे मी वीस वर्षं जाणतो, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही.

आणि गिऱ्हाइकं तरी उरलीत किती? पूर्वी तीन देश आमच्या चिप्स घ्यायचे. एकाच्या कागदगिरण्या बंद पडल्या. दुसरा निलगिरीच्या चिप्सकडे वळला. उरलेल्या तिसऱ्याने आपल्या बंदरावर माल तपासला, तर आमच्या दाखल्यात लिहिलेल्यापेक्षा पाणी कितीतरी जास्त निघालं.

साहेब मला घेऊन तडक प्रयोगशाळेत गेले. तिथे ओव्हनमध्ये नमुने वाळवायला माझा मेव्हणा, माझ्याच शब्दावर लागलेला.

"पुरते वाळायच्या आधीच बाहेर काढलेस ना?"

"नाही साहेब. पूर्ण चोवीस तास ठेवले होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि चोर तिथेच हाताची घडी घालून उभा होता. दुपारच्या आत मेव्हण्याला कामावरून काढलं.

संध्याकाळी तो घरी आला. बायकोने त्याला बससुद्धा म्हटलं नाही.

"ह्यांनी तुझ्यासाठी शब्द टाकला, आणि तू ह्यांचंच नाक कापलंस. आधी माफी माग."

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"भावोजी," तो मान खाली घालून म्हणाला, "मी दिवसभर आठवतोय. चोवीस तास ठेवले असंच वाटतंय. पण तुमचे नमुने चुकणं शक्यच नाही, म्हणजे घड्याळ बघण्यात माझीच चूक झाली असणार. माफ करा."

बायको माझ्याकडे बघत होती.

"जाऊ दे," मी म्हणालो. "पुढच्या ठिकाणी जपून काम कर."

सांगायला लाज वाटते, पण मी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला.