खुंटीचा देव

अरे, वैशालीच्या कादंबरीत देव कोण होता माहितीय? खुंटी! जमीन मोजणारे ठोकतात ना, लाल-पांढरी, ती. साल दोन हजार ऐंशी, खाडीकाठचं शहर, आणि सरकारी हापिसानेच काढलेला धर्म. दारात खुंटी ठोकली की देव आला म्हणायचं, दिवा लावायचा, आरती करायची आणि गुपचूप घर खाली करायचं. पोलीस नको, लाठी नको, वर लोकच पेढे वाटणार. शेवटी एक बाई खुंटी उपटते आणि खाडीत टाकते. संपली कादंबरी.

हे तिने लिहिलं एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली. वैशाली बेलापूरला टायपिस्ट, डब्याच्या सुट्टीत लिहायची. वाशीचे जयप्रकाश सर दिवाळी अंक काढायचे, त्यांचा निरोप आला की छापतो, येऊन जा. छापील नाव! पोरगी हवेत.

बस पकडून गेली. सरांनी चहा दिला, धर्माची आयडिया फर्स्टक्लास म्हणाले. फक्त शेवट बदल. देव बुडवला आणि काहीच होत नाही? निदान वीज पडू दे, त्या बाईचे डोळे जाऊ दे. घराघरात जाणारा अंक आहे हा.

आता गंमत बघा. वीज होती! पहिल्या खर्ड्यात वैशालीने दणकून गडगडाट घातलेला, खाडी उकळवलेली. घरी वाचून दाखवलं तर तिची आई मुक्ताबाई भाकरी थापता थापता हसायलाच लागली. परभणीकडची बाई. बाबासाहेबांच्या मागोमाग गावाने दीक्षा घेतली तेव्हा ही नवी नवरी, सासूबरोबर देव्हाऱ्यातले पितळी देव टोपलीत घालून नदीवर गेलेली.

"आगं, वीज कुठली? डुबुक वाजलं. सासू म्हनली, चल, पीठ मळायचंय."

भीती नाही वाटली, वैशालीने विचारलं. वाटली की, आई म्हणाली, टोपली रिकामी होईस्तोवर वाटली. वैशालीने तिथल्या तिथे वीज खोडली.

आणि सर तीच वीज परत मागत होते. वाचकाला पटणार नाही म्हणाले, आपला देव आपल्या हाताने कोण बुडवतं?

"आमच्या घरी बुडवलेत, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग समजुतीने म्हणाले, असेल, पण वीज घाल, कव्हरवर नाव टाकतो. नाहीतर तुझं दुसरं कोण छापणार?

खोटं कशाला सांगू, मनात एक वीज पाडूनसुद्धा बघितली तिने. कडाडली पण मस्त! पण खुंटीला मग कोण हात लावेल?

"वीज पडली तर खुंटी खरी ठरते, सर. मग हापिसच जिंकलं ना?"

कागद उचलले, चहा अर्धा ठेवला, निघाली.

स्टॉपवर बसायला जागा नाही. बाजूला मोजणीचा दगड रोवलेला, आणि कुणीतरी त्याला हौसेने कुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. सगळे त्याला वळसा घालून उभे. वैशालीने फूल उचलून बाजूच्या भिंतीवर ठेवलं आणि बसली. एक मावशी दचकून म्हणाली, पोरी, देव आहे तो.

"मोजणीचा आहे, मावशी. सरका, दोघी बसू."

मावशी नाही बसली, पण बस येईस्तोवर एकदा आभाळाकडे, एकदा वैशालीकडे बघत राहिली. ऊन होतं नुसतं. वैशाली मांडीवर कागद घेऊन शेवटचं पान वाचत होती, मावशीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.