जलपरीला पाय फुटले, त्या दिवसाची गोष्ट

मी जलपरीची शेपटी बोलतेय. हसा, हसून घ्या. डहाणूच्या नविनभाई टेलरने मला नवरात्रातल्या घागऱ्यांच्या उरलेल्या कापडातून शिवलं. आत जुन्या गादीचा फोम, मागे रेक्झिनच्या बॅगेची चेन आणि वर हिरव्या टिकल्यांचे खवले. जन्म गरब्याचा, रुबाब समुद्राचा!

माझे मालक धनेशभाई. त्यांची सेवा संस्था आहे आणि दवाखान्यातल्या आजारी मुलांना हसवायचं तिने व्रत घेतलंय. मूल हसलं की फोटो काढायचा, नाही हसलं तर हसेपर्यंत काढायचा.

मला अंगात घालायची ती निलम. बोर्डीच्या बालवाडीत शिकवते, मुलांवर खरा जीव. पण माझ्यात शिरली की तिचे दोन्ही पाय एकत्र बांधले जायचे आणि पाऊलही टाकता यायचं नाही. म्हणून जाऊ त्या दवाखान्यात जलपरीची स्वारी तिथल्याच चाकांच्या खुर्चीवरून निघायची. तेवढ्या वेळात पेशंटनी काय करावं, हा प्रश्न आमच्या संस्थेत कुणाला पडला नव्हता.

डहाणूतल्या पहिल्याच फेरीत माझी फजिती झाली. एका कोळ्याच्या पोरीने सलाईन लावलेल्या हाताने मला चाचपलं आणि विचारलं, "हिचे खवले उलटे का लावलेत?" खरंच उलटे होते! संस्थेतल्या कुणाला ते दिसलंच नव्हतं. सगळे बॅनरवरचं नाव फोटोत नीट येतंय का, ते बघण्यात गुंतले होते.

गेल्या महिन्यात आम्ही तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या एका लहान दवाखान्यात गेलो. तिथे चाकांची खुर्ची एकच. ती अर्थातच आम्ही अडवली.

व्हरांड्यातल्या बाकावर आठ वर्षांची शितल झोपली होती. चिंचेवरून पडून तिचा पाय मोडला होता, लाकडी पट्टीला बांधून ठेवला होता. शेजारी तिचा बाप लहान्या उभा, कमरेला कोयता. एक्स-रे काढणारा आठवड्यातून एकदाच यायचा आणि एकच्या ठोक्याला निघायचा. आज राहिलं तर हाड वाकडं जुळेल, पोरगी जन्मभर लंगडेल, आणि उचलून नेऊ नका, खुर्चीवरूनच न्या, असं जयश्री सिस्टर सकाळीच बजावून गेल्या होत्या.

पाऊण वाजला. लहान्या खुर्चीकडे बघत नुसता उभा. सिस्टर वैतागल्या, "अहो, मागा ना खुर्ची! तोंड नाही का?"

"कशी मागू?" तो हळूच म्हणाला. "ते बाईला पायच नाहींत. तिचा आधी होऊ दे. माझे पोरीचा एक तरी धड आहे."

डोंगरपाड्यावरच्या माणसाने जलपरी कुठे पाहिली असणार? त्याने मला एखादं दुखणं समजलं. आणि आपल्यापेक्षा वाईट दशेतल्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं, ही त्याच्या पाड्याची रीत. पोरीचा पाय पणाला लागलेला असताना तो ती पाळत होता. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

निलमने ते ऐकलं आणि चेनला हात घातला. चेन अडकली.

"निलमबेन, शूं करो छो?" धनेशभाई धावले. "व्हिडिओ बाकी छे!"

"चुलीत घाला तुमचा व्हिडिओ!" निलम कडाडली. "दादा, कोयता लावा. कापा हे."

लहान्या घाबरला. "बाई, दुखेल ना तुला?"

"नाही दुखत. कापा लवकर!"

त्याने मला कमरेपासून खालपर्यंत चिरलं, अगदी जपून, जणू रक्त येईल. आतून निलमचे घामेजलेले दोन पाय बाहेर आले. लहान्या मागे सरला, मग शितलकडे वळून ओरडला, "बघ गं! बाईला पाय आले! तुझा पण बरा होईल!"

त्याची समजूत काढायला निलमकडे वेळ नव्हता. शितलला खुर्चीत बसवून ती अनवाणी पळत सुटली. एक्स-रेवाला हेल्मेट घालून निघालाच होता, ती त्याच्या दारात आडवी उभी राहिली. फोटो निघाला. त्या दिवसात कामाचा असा तेवढाच.

आता मी याच दवाखान्यात, शितलच्या खाटेवर, तिच्या प्लास्टरखाली उशी म्हणून पडून असते. हाड सरळ जुळतंय. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगी पडतेय.

पण काल लहान्या पुन्हा आला. बांबूच्या झोळीतून त्याने पाड्यावरच्या म्हाताऱ्या काकड्याला आणलंय. काकड्याचे पाय कित्येक वर्षांपासून गेलेत. "इथं पाय येतात," लहान्या सिस्टरांना पटवत होता. "मी माझे डोळ्यांनी बघितलं." काकड्याने तर मला बघून हात जोडले.

धनेशभाई, तुम्ही नवी शेपटी शिवायला टाकलीत म्हणे. खुशाल टाका. पण त्याआधी एकदा इथे या आणि काकड्याला खरं काय ते तुमच्या तोंडाने सांगा. येताना मात्र चालत या. खुर्चीत तो बसलाय.