आमचा नऊचा

चष्मेवाल्यांच्या दुकानात रोज एक तरी शहाणा असा यायचाच, की जो भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून यायचा. बाकावर वाट बघत बसल्याबसल्या आधीच्या माणसाचं ऐकायचं, ओठांतल्या ओठांत घोकायचं, आणि आपली पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवायचं. कशासाठी? तर नंबर वाढलाय हे कबूल करायला नको म्हणून. चष्मेवाले गालातल्या गालात हसत दुसरा तक्ता लावायचे आणि गडी ततपप करू लागायचा. बावीस वर्षांत त्यांचं ठाम मत झालं होतं, की माणूस जगात सगळ्यात जास्त खोटं स्वतःशी बोलतो. हे मत ते फक्त गिऱ्हाइकांबद्दल बाळगून होते.

त्यांचा स्वतःचा जवळचा नंबर चांगला दोनवर गेला होता. पण चारचौघांत चष्मा लावतील तर शपथ. आलेला कागद हात लांब करून वाचायचा, आणि हात पुरला नाही की न वाचताच सही ठोकायची, असा सगळा कारभार. गिऱ्हाइकांना मात्र लांबचा-जवळचा एकत्र चष्मा देताना मोठ्या प्रेमाने सांगायचे, "पंधरा दिवस वापरून बघा. नाही जमलं तर परत आणा, मी आहेच."

असा हा माणूस पन्नाशीला आला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. दुखण्याचं नाव साडू.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचे यजमान. विम्याच्या कचेरीत नोकरी, पोट चष्मेवाल्यांपेक्षा चार बोटं पुढे, आणि राहायला समुद्रापासून दोन गल्ल्या अलीकडे. चष्मेवाल्यांची एकुलती एक लेक गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळच्या बसने मावशीकडे जायची आणि संध्याकाळी ओल्या केसांनी, खारट वासाची, हसत परत यायची. रविवारी दुकानात मरणाची गर्दी, त्यामुळे ती कुठे जाते, काय करते हे विचारायला चष्मेवाल्यांना वेळ कुठला? समुद्रावर जाते, काकांबरोबर असते, एवढं त्यांना पुरेसं होतं. आणि आता सतरा वर्षांची झालेली ही लेक म्हणत होती, की तिला मावशीच्या गावातलं कॉलेज हवंय. दोन वर्षं तिकडेच राहीन म्हणाली. फॉर्म आणला होता, पुढच्या महिनाअखेर भरायचा होता, आणि त्यावर बापाची सही लागणार होती.

चष्मेवाल्यांच्या घशाखाली घास उतरेना. लेक जाणार म्हणून नव्हे, असं ते बायकोला सांगायचे, आणि बायको बरं म्हणायची. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच. ती सात वर्षांची असताना रिकाम्या फ्रेमा नाकावर चढवून दुकानभर हिंडायची, ते त्यांना दिवसातून तीनदा आठवायचं. तिच्या मावशीत एवढं काय आहे? मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावशीत काही नाही. काकांकडे पतंग आहे!

पतंग म्हणजे पोरं गच्चीवरून उडवतात तो नव्हे. खोलीएवढा, हवा भरून फुगवायचा, चार दोऱ्यांनी कमरेच्या पट्ट्याला बांधायचा. पायाखाली फळी, हातात दांडी, आणि वारा माणसाला पाण्यावरून फरफटत नेतो. जमलं तर उडवतोही. सासऱ्यांकडे जेवणं झाली की साडू पाय पसरून सांगायचे, "आम्ही काय, वारा सुटला की निघालो. आमचा नऊचा आहे, नऊ चौरस मीटरचा. परवा काय उडी बसली म्हणता." आता हे साडू म्हणजे आम्हाला चहात साखर नको, आमचं डोकं दुखतंय, असं बोलणारे. एकट्या माणसाला एवढं बहुवचन कशाला लागतं, हे चष्मेवाल्यांना कधी कळलं नव्हतं. लेक समोर बसून काकांकडे बघून हसायची, आणि ते हसू बघून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

ठरलं. साडूंचा नऊचा, तर आपला बाराचा.

त्यांनी लागोपाठ चार मंगळवारी दुपारी लेन्सची ऑर्डर द्यायला जातो म्हणून घरी थाप मारली आणि खाडीच्या उथळ पाण्यात चार शिकवण्या घेतल्या. चौथ्या शिकवणीत ते फळीवर सलग अकरा सेकंद उभे राहिले. बाराव्या सेकंदाला काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पण डोक्यात हवा जायला अकरा सेकंद भरपूर झाले.

पतंगांच्या दुकानात एक बाई होती. नाक उन्हाने सोललेलं, बोलणं मोजकं. तिने आधी वजन विचारलं. चष्मेवाल्यांनी चौऱ्याहत्तर असं घडाघडा सांगितलं. तिने कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. बाईने न हसता अठ्ठ्याऐंशी लिहून घेतलं, आणि तिचं ते न हसणंच त्यांना जास्त लागलं. मग फळीवर किती वेळ उभे राहता, असं तिने विचारलं. लागेल तेवढा, असं चष्मेवाले म्हणाले.

बाईने समजावून सांगितलं. पतंग जितका मोठा तितका जास्त ओढणार. वारा मंद तर मोठा घ्यायचा, वारा जोराचा तर लहान. नंबर मोठा म्हणजे माणूस मोठा असं काही नसतं, ज्याला जो लागू पडतो तो त्याचा. हेच वाक्य चष्मेवाले रोज दहा वेळा गिऱ्हाइकांना ऐकवायचे. आज ते त्यांच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं. बाईने एक गुबगुबीत, बसक्या अंगाचा पतंग काढला. नवशिक्यांसाठी उत्तम, पाण्यात पडला तरी सहज वर येतो, चुका पोटात घालतो. चष्मेवाल्यांचं लक्ष मात्र वर टांगलेल्या लांब, अरुंद, काळ्या पतंगाकडे होतं.

"तो उंच उड्या मारणाऱ्यांचा," बाई म्हणाली. "भारी चपळ आहे. पण तो माफ करत नाही."

माफ करत नाही, हे ऐकून चष्मेवाले प्रेमातच पडले. बाराचाच द्या म्हणाले. बाईने दोनदा नको म्हणून पाहिलं, मग हात टेकले. फक्त एक गोष्ट तिने त्यांच्याकडून वदवून घेतली. भीती वाटली की माणूस दांडी घट्ट धरून स्वतःकडे ओढतो, आणि दांडी ओढली की पतंग आणखी जोर करतो. म्हणून घाबरलात की दांडी सोडायची. पतंग कमरेला बांधलेला असतो, तो कुठे जात नाही, नुसता थंड होतो. तरीही आवरला नाही तर पट्ट्यावरचं लाल बोंड पुढे ढकलायचं. घरी सोड, सोड असं घोकत राहा, असंही ती म्हणाली. आठवडाभर चष्मेवाले दात घासताना सोड, सोड म्हणत राहिले. कुणाला सांगताय, असं बायकोने विचारलं, तेव्हा त्यांनी चूळ भरून वेळ मारून नेली.

रविवारी त्यांनी दुकान बायकोवर टाकलं आणि पाठीवर पिशवी मारून किनाऱ्यावर हजर झाले. वारा असा, की टोपी डोक्यावर ठरेना. साडू वाळूत उभे होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगावर पाण्याचा एक थेंब नाही. शेपूट घातली वाटतं, असं मनात म्हणून चष्मेवाल्यांना गुदगुल्या झाल्या. लेक कुठे दिसेना. लांब पाण्यावर कुणीतरी शिरस्त्राण घातलेला एक पोरगेला स्वार नारिंगी पतंगामागे सणसणत चालला होता. बघता बघता तो लाट सोडून वर गेला, हवेत क्षणभर टांगून राहिला आणि अलगद खाली उतरला. त्याच्याकडे बघून, आपण याच्याही वर जाणार, असं चष्मेवाल्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं.

बाराचा काळा पतंग फुगलेला बघून साडूंचे डोळे पांढरे झाले. "साडूभाऊ, आज बाराचा? अहो, आमचा नऊचासुद्धा आज जड जातोय. सातचा आणायला हवा होता."

जळतोय, असं चष्मेवाल्यांना वाटलं. त्यांनी साडूंना फक्त पतंग धरायला सांगितलं. साडूंनी दोनदा विचारलं, मग नाइलाजाने पतंगाची कड उभी धरली आणि चष्मेवाल्यांची मान हलल्यावर सोडली.

पुढचं सगळं एका दमात झालं. पतंग सरसर वर चढला. चष्मेवाले घाबरले. घाबरल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, दांडी छातीशी कवटाळली. पतंगाने त्यांना उचललं, थेट त्यांच्या दुकानाच्या पाटीएवढं उंच, आणि पाच-पंचवीस पावलांवर गुडघाभर पाण्यात आपटलं. मग पालथे, तोंडात वाळू, पट्टा काखेपर्यंत चढलेला, अशी त्यांची वरात काठाकाठाने निघाली. किनारा एका सुरात सोडा, सोडा म्हणून ओरडत होता. ते अजून घट्ट धरत होते. आठवड्याचं घोकणं कुठल्या कुठे पळालं. साडू विजार सावरत मागे धावले आणि खड्ड्यात पाय मुरगळून बसले.

तेवढ्यात तो नारिंगी पतंगाचा स्वार पाणी कापत शेजारी आला.

"बाबा, सोड!"

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. या आवाजाने त्यांना पहिल्यांदा बाबा म्हटलं होतं. हात आपोआप सुटले. काळा पतंग एकदम मवाळ झाला, फडफडला, आणि लाल बोंड ढकलल्यावर पाण्यावर आडवा झाला. त्याची एक बाजू टराटरा फाटली होती. चष्मेवाले उठून बसले. नाकातून पाणी, कानातून पाणी, आणि सगळा किनारा त्यांच्याकडे बघतोय.

लेकीने आपला पतंग कुणाच्या तरी हाती उतरवून दिला, धावत आली, हातपाय चाचपले आणि मग चिडली. ह्या वाऱ्यात बाराचा कोण उडवतं, कुणी दिला हा, असं तिने विचारलं. चष्मेवाल्यांना एकच प्रश्न सुचत होता.

"तू उडवतेस? कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुला जेवताना दोनदा सांगितलं. तू छान म्हणालास. परवानगीच्या कागदावर सही तुझीच आहे, बाबा."

चष्मेवाले साडूंकडे वळले. साडू वाळूत बसून घोटा चोळत होते. "अहो, मी तर प्रत्येक वेळी सांगत आलो. आमचा नऊचा म्हणून. ही उडवते, मी धरतो. मला पोहता कुठे येतं?"

"मला वाटलं, तुम्ही 'आम्ही' म्हणता, म्हणजे तुम्ही."

साडूंनी हात जोडले. लेक आधी हसली, आणि मग तिचं हसू मावळलं. चष्मेवाल्यांना त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडण्याचं काही नाही, ओल्या वाळूत माणसं पडतातच. पण दोन वर्षं त्यांची पोरगी दर रविवारी हवेत जात होती, आणि त्यासाठी तिला काठावर फक्त एक माणूस लागत होता. पतंग धरेल आणि मान हलवली की सोडेल, असा. त्याला पोहणं नको, बाराचा नको, काही नको. नुसतं उभं राहायचं. तेवढं साडूंना जमलं होतं.

वारा अजून चांगला होता. लेकीने साडूंच्या सुजत चाललेल्या घोट्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. "धरतोस? मी मान हलवेपर्यंत सोडायचा नाही. आणि मान हलली की लगेच."

त्यांनी धरला. नऊचा पतंग हातात जिवंत जनावरासारखा ओढ घेत होता. तिने मान हलवली, त्यांनी सोडला, आणि ती गेली. दोन तास ते ओल्या कपड्यांत उभे होते. साडू बसल्याबसल्या सूचना देत होते, आणि त्यांनी त्या मुकाट्याने ऐकल्या.

संध्याकाळी बसमध्ये ती म्हणाली, की धरलास बरा, पण काकांपेक्षा जरा लवकर सोडतोस. चष्मेवाल्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिने कॉलेजचा फॉर्म समोर ठेवला. चष्मेवाल्यांनी खण उघडला, स्वतःचा चष्मा काढला, लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तिकडे राहण्याचं कारण विचारलं होतं. तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, की रविवारच्या सरावाला तिथे माणूस आहे. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"माणूस इथूनही आला तर?"

"रविवारी? दुकान?"

रविवारची गर्दी, बावीस वर्षांचा धंदा, कोपऱ्यावर कुणीतरी उघडलेलं चष्म्यांचं दुसरं दुकान, सगळं चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. शेवटी ते म्हणाले, "बंद."

लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, ते पाठ केलेली ओळ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे तसं. मग तिने सहीशिवाय फॉर्म घडी घालून खणात टाकला. महिनाअखेरीला अजून तीन रविवार होते.

"वापरून बघते," ती म्हणाली. "नाही जमलं तर फॉर्म आहेच."

तिने बाकावरची पिशवी उचलली आणि निघून गेली. चष्मेवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा तसाच ठेवला आणि पाटीसाठी पुठ्ठा शोधायला लागले.